हुद्दा राहतो, माणूस निवृत्त होतो

पत्र लिहिताना माणूस दोन ठिकाणी विशेष जपून असतो : वर मायना लिहिताना आणि खाली आपले नाव लिहिताना. मायन्यात समोरच्याचा मान राखायचा असतो, तर खाली आपली ओळख द्यायची असते. ह्यांपैकी दुसरे काम अधिक अवघड आहे. स्वतःविषयी कमी सांगावे तर वाचणाऱ्याला आपण कोण हे उमगत नाही. अधिक सांगावे तर मिरवल्यासारखे होते. सैन्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना ही अडचण विशेष जाणवते. आयुष्याची वीस-तीस वर्षे ज्या हुद्द्याने त्यांना हाक मारली गेली, तो हुद्दा घरी परतल्यावर नावापुढे लिहावा की लिहू नये, आणि लिहायचा तर कसा?

कोल्हापूरच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. ह्या भागातल्या असंख्य घरांतून माणसे फौजेत गेली आहेत, आणि आपली धर्मग्रामेही त्याला अपवाद नाहीत. लग्नपत्रिका, सणाचे निमंत्रण, सहकारी संस्थेकडे केलेला अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांना दिलेले निवेदन, एवढेच काय, दफनभूमीतील शिळा, अशा ठिकाणी हा प्रश्न उभा राहतो. तेथे आपल्याला चार तऱ्हा आढळतात : ‘निवृत्त कर्नल अमुक’, ‘माजी कर्नल अमुक’, ‘कर्नल (निवृत्त) अमुक’ आणि ‘कर्नल अमुक (निवृत्त)’. चारही तऱ्हा सारख्याच, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्या तशा नाहीत. एका शब्दाची जागा बदलली की अर्थ बदलतो, आणि त्या अर्थामागे बराच जुना इतिहास उभा आहे.

त्या इतिहासाचा आरंभ आपल्या घरापासूनच करू. गडहिंग्लज तालुक्यात नेसरी नावाचे गाव आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव गूजर तेथील खिंडीत बहलोलखानाच्या फौजेशी लढताना कामी आले. ‘प्रतापराव’ हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ते कुडतोजी गूजर. ‘प्रतापराव’ हा किताब. त्यांच्यानंतर सेनेची सूत्रे हंसाजी मोहित्यांकडे आली आणि त्यांना ‘हंबीरराव’ हा किताब मिळाला. आज शाळेतल्या मुलाला प्रतापराव आणि हंबीरराव ठाऊक असतात; कुडतोजी आणि हंसाजी ही नावे मात्र मुद्दाम सांगावी लागतात. किताबाने नाव झाकून टाकले.

त्याच वर्षी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि सरनोबताला ‘सेनापती’ हे नाव रूढ झाले. पत्रात कोणाला काय म्हणून लिहावे, ह्या बाबतीत मराठी दप्तरे अतिशय काटेकोर असत. ‘राजमान्य राजश्री’ कोणाला लिहायचे, ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ कोणाला, ‘गोसावी’ हा शब्द कोठे घालायचा, ह्याचे शिक्षण कारकुनाला बालपणापासून मिळे. मायना चुकला तर तो लिहिणाऱ्याचा अडाणीपणा मानला जाई, किंवा मुद्दाम केलेला अपमान.

पुढे ह्या लष्करी पदव्या वंशपरंपरेने चालू लागल्या. नागपूरकर भोसले ‘सेनासाहेबसुभा’ झाले. बडोद्याचे गायकवाड ‘सेनाखासखेल समशेरबहाद्दर’ झाले. विठोजी चव्हाणांना राजाराम महाराजांनी ‘हिंमतबहाद्दर’ हा किताब दिला आणि तो त्यांच्या घराण्याच्या नावालाच जोडला गेला. कागल तालुक्यातील कापशी येथील घोरपडे घराण्याकडे सेनापतिपद होते, म्हणून ते गाव आजही ‘सेनापती कापशी’ ह्याच नावाने ओळखले जाते. पद माणसाकडून घराण्याकडे आणि घराण्याकडून गावाकडे गेले.

अशा व्यवस्थेत ‘निवृत्त’ ह्या शब्दाला जागाच नव्हती. जे पद मुलाकडे जायचे, त्यातून बाप निवृत्त कसा होणार? सेनापती मरण पावे किंवा पदच्युत होई. पण मानाने घरी परतून पेन्शन खाणारा सेनापती जुन्या कागदांत सहसा भेटत नाही. म्हणूनच ह्या बाबतीत आपल्या जुन्या मायन्यांचा आधार आपल्याला फारसा मिळत नाही.

निवृत्त अधिकारी ही इंग्रजी अमदानीने आणलेली गोष्ट आहे. तिच्या मुळाशी एक भेद आहे आणि तो समजला की अर्धा प्रश्न सुटतो. तो भेद म्हणजे हुद्दा आणि पद ह्यांमधला. कर्नल हा हुद्दा. अमुक पलटणीचा कमांडिंग ऑफिसर हे पद. लेफ्टनंट जनरल हा हुद्दा. पूर्व विभागाचा आर्मी कमांडर हे पद. पद म्हणजे जबाबदारी. ती दुसऱ्याच्या हाती सोपवून माणूस मोकळा होतो. हुद्दा मात्र त्या माणसाच्या नावाने दिलेला असतो. पदाची खुर्ची रिकामी होते आणि तिच्यावर दुसरा बसतो. हुद्दा कोणासाठी रिकामा करावा लागत नाही.

कोल्हापूरच्या छत्रपतींचीही ‘राजाराम रायफल्स’ नावाची पलटण होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ती पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. संस्थानी फौज आणि तिची पदे इतिहासजमा झाली. त्या फौजेतील माणसे मात्र देशाच्या सैन्याची झाली.

स्वतंत्र भारताने पदव्यांचा प्रश्न संविधानातच सोडवला. अनुच्छेद १८ प्रमाणे राज्याला कोणताही किताब देता येत नाही. मात्र लष्करी आणि विद्याविषयक बहुमान ह्यांना त्यातून वगळले आहे. रावबहादूर, खानबहादूर, सर हे सारे गेले. कर्नल आणि डॉक्टर राहिले. पद्म पुरस्कारांविषयी वाद निर्माण झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निर्णय दिला की ते किताब नव्हेत, आणि म्हणून नावाच्या मागे किंवा पुढे लावता येणार नाहीत. ज्या प्रजासत्ताकाने सर्व नागरिकांना एका पंक्तीला बसवायचे ठरवले, त्याने सैनिकाचा हुद्दा मात्र त्याच्या नावाजवळ राहू दिला. तो हुद्दा जन्माने किंवा मर्जीने मिळत नाही, तो सेवेने मिळवावा लागतो, हेच त्याचे कारण असावे.

आता नियमाकडे येऊ. जुलै २०१४ मध्ये लष्कराच्या मुख्यालयाने ह्या बाबतीत एक स्पष्टीकरण काढले. हुद्दा कधी निवृत्त होत नाही, निवृत्त होतो तो अधिकारी, असे त्याचे सार होते. म्हणून ‘निवृत्त’ हा शब्द हुद्द्याला चिकटवू नये. हुद्दा आणि नाव लिहून झाल्यावर तो शेवटी कंसात यावा. ‘ब्रिगेडियर (निवृत्त) अमुक’ हे चूक. ‘ब्रिगेडियर अमुक (निवृत्त)’ हे बरोबर. शौर्यपदक असल्यास ते नावानंतर आणि कंसाच्या आधी लिहिण्याचा प्रघात आहे.

हुद्दा लिहायचा तो सेवेत शेवटी धारण केलेला. कारवार भागातले रामा राघोबा राणे ह्यांनी एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या मार्गावरील सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवले, तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. अर्थात त्यांच्या पराक्रमाच्या नोंदीत सेकंड लेफ्टनंट असेल, पण निवृत्तीनंतरच्या पत्रात ‘मेजर रामा राघोबा राणे, परमवीरचक्र (निवृत्त)’ असेच येणार.

ह्या नियमाला अपवाद आहे तो सर्वोच्च हुद्द्याचा. फील्ड मार्शल निवृत्त होत नाही. तो आजीव सेवेत मानला जातो. जानेवारी १९७३ मध्ये सॅम माणेकशा ह्यांना तो हुद्दा मिळाला. जनरल करिअप्पा १९५३ मध्ये लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले होते. १९८६ मध्ये त्यांना फील्ड मार्शल करण्यात आले आणि तेहतीस वर्षे त्यांच्या नावामागे असलेला कंस पुसला गेला. हवाई दलाच्या अर्जन सिंग ह्यांनाही २००२ मध्ये ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ हा त्याच तोडीचा हुद्दा मिळाला. बाकी सर्वांनी कंस लिहावा.

मराठीत ही शिस्त पाळताना एक वेगळी अडचण येते. आपल्या भाषेत विशेषण नामाच्या आधी येते. ‘निवृत्त शिक्षक’, ‘निवृत्त न्यायाधीश’ असे आपण म्हणतो, त्याच चालीवर ‘निवृत्त कर्नल’ असे तोंडी येते. बोलण्यात आणि बातमीत ते खपून जाते, कारण तेथे आपण त्या माणसाविषयी बोलत असतो. पण औपचारिक पत्रात, पत्रिकेत किंवा शिळेवर शेवटी कंस घालावा हे बरे. ‘माजी’ हा शब्द मात्र हुद्द्याला लावूच नये. ‘माजी’ म्हणजे पूर्वी होता, आता नाही. तो पदाला शोभतो : माजी लष्करप्रमुख, माजी आर्मी कमांडर. जनरल अरुणकुमार वैद्य १९८३ ते १९८६ ह्या काळात लष्करप्रमुख होते. निवृत्तीनंतर ते माजी लष्करप्रमुख झाले. माजी जनरल झाले नाहीत. ‘माजी कर्नल’ असे लिहिणे म्हणजे त्या माणसाचा हुद्दा काढून घेतला असे सांगणे होय, आणि तशी शिक्षा लष्करी न्यायालय देते ती गंभीर गुन्ह्यासाठी.

‘मानद’ ह्या शब्दाची गोष्ट नेमकी उलट आहे. तो हुद्द्याच्या आधीच यायला हवा, कारण मानद असतो तो हुद्दा, माणूस नव्हे. कोल्हापूरचे शहाजी छत्रपती मानद मेजर जनरल होते. सचिन तेंडुलकर ह्यांना हवाई दलाने २०१० मध्ये मानद ग्रुप कॅप्टन केले. पण ह्या शब्दाचे खरे धनी वेगळेच आहेत. तीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या सुभेदार मेजरांपैकी काहींना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या निमित्ताने मानद लेफ्टनंट वा मानद कॅप्टन हा बहुमान मिळतो. निवृत्त होताना काही हवालदारांना मानद नायब सुभेदार केले जाते. अशा माणसाला निमंत्रण पाठवताना आपण ‘श्री. अमुक, माजी सैनिक’ एवढेच लिहून मोकळे होतो. त्याच्या घरात भिंतीवर चौकटीत लावलेला कागद आपण वाचलेला नसतो. आणखी एक बारीक गोष्ट : हुद्दा लिहिला की ‘श्री.’ लिहू नये. ‘श्री. कर्नल’ म्हणजे एकाच डोक्यावर दोन पागोटी.

आता कोणी विचारील की एका कंसाचा एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर कोल्हापूरच्याच एका सुपुत्राच्या चरित्रात सापडते. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात ह्यांचा जन्म १९०६ चा. सँडहर्स्टला शिकून ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत त्यांनी पलटणीचे नेतृत्व करून डी. एस. ओ. हे पदक मिळवले. कोरियात युद्धकैद्यांच्या सांभाळासाठी गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. १९५७ ते १९६१ ह्या काळात ते पूर्व विभागाचे आर्मी कमांडर होते. ईशान्य सीमेवर चीनकडून धोका आहे आणि आपली तयारी अपुरी आहे, असे त्यांनी सेवेत असतानाच अभ्यासपूर्वक मांडले होते. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर दीड वर्षात, ऑक्टोबर १९६२ मध्ये, त्यांची भीती खरी ठरली. पुढे कोल्हापुरात त्यांनी उत्तरायुष्य घालवले आणि १९९२ मध्ये ते निवर्तले.

थोरातांसारख्या माणसाने निवृत्तीनंतर सीमेविषयी चार ओळी लिहिल्या तर वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळणे अगत्याचे असते. हा माणूस काय जाणतो, ही पहिली. ते त्याचा हुद्दा सांगतो. तो आता कोणाच्या वतीने बोलत आहे, ही दुसरी. ते कंसातला शब्द सांगतो. हुद्दा गाळला तर आयुष्यभराचा अनुभव झाकला जातो. कंस गाळला तर वाचणाऱ्याला वाटते की फौजच बोलते आहे. तहसील कचेरीत दिलेल्या अर्जावर, शेजाऱ्याशी झालेल्या बांधाच्या तंट्यात, नातवाच्या शाळेतील प्रवेशासाठी लिहिलेल्या चिठ्ठीवर जेव्हा कंसाविना हुद्दा झळकतो, तेव्हा समोरचा कारकून किंवा मुख्याध्यापक नकळत दबतो. ते दडपण सत्यावर उभे नसते. म्हणून तो लहानसा कंस म्हणजे वाचणाऱ्याशी राखलेला प्रामाणिकपणा आहे.

ह्या विचाराशी आपल्या ख्रिस्तसभेचा जुना परिचय आहे, कारण तिने निवृत्तीसाठी जो शब्द स्वीकारला तो मुळात सैनिकांचाच आहे. ‘एमेरितुस’ हा लॅटिन शब्द रोमन फौजेत नेमलेली वर्षे पुरी करून मानाने मोकळ्या झालेल्या शिपायासाठी वापरीत. इसवी सनापूर्वी २५ ह्या वर्षी सम्राट ऑगस्टस ह्याने अशा सैनिकांना वसवण्यासाठी स्पेनमध्ये एक नगर उभारले आणि त्याचे नाव ‘औगुस्ता एमेरिता’ ठेवले. आजचे मेरिदा ते हेच. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ४०२ वे कलम सांगते की ज्या बिशपांचा राजीनामा स्वीकारला गेला आहे, त्यांना आपल्या धर्मप्रांताचे ‘एमेरितुस’ बिशप ही संज्ञा राहते. धर्मप्रांताचा कारभार दुसऱ्याकडे जातो; अभिषेक पुसला जात नाही. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट पदावरून दूर झाले, तेव्हा त्यांनाही ह्याच शब्दाचा आधार घ्यावा लागला. धर्मगुरूचा अभिषेक आणि सैनिकाचा हुद्दा एका तोलाचे नाहीत, हे खरे. तरीही अधिकार सोडावा आणि सेवा मात्र विस्मरणात जाऊ नये, ही जाण दोहोंकडे सारखीच आहे.

नवीन करारात एका सेनाधिकाऱ्याचे औपचारिक पत्र जसेच्या तसे नोंदलेले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात यरुशलेममधील पलटणीचा सरदार क्लौद्य लुसिया हा पौलाला कैसरियाला पाठवताना सुभेदार फेलिक्सला पत्र लिहितो. फेलिक्सला तो मानाचा मायना लिहितो; स्वतःचे मात्र नुसते नाव, हुद्दा नाही. शिष्टाचाराला धरून आणि नम्र. पण पुढचा मजकूर नीट वाचावा. पौल रोमन नागरिक आहे असे कळल्यावरून आपण त्याला वाचवले, असे तो कळवतो. आधीच्या अध्यायात घडले ते निराळे : त्याने पौलाला बांधून फटके मारण्याचा हुकूम दिला होता, आणि नागरिकत्वाची गोष्ट नंतर उघडकीला आली. ते पत्रात येत नाही. मायना बिनचूक असून पत्र खोटे असू शकते. उलट, हुद्दा लिहूनही माणूस नम्र असू शकतो, जर तो हुद्दा खरा असेल आणि पुढचा मजकूरही खरा असेल.

निवृत्त अधिकाऱ्यांना म्हणूनच एवढेच सांगावेसे वाटते की हुद्दा लिहायला संकोच करू नये आणि कंस लिहायला विसरू नये. घरच्या, मित्रांच्या आणि धर्मग्रामातल्या साध्या पत्रांत नुसते नाव पुरे. जेथे अनुभवाचे वजन वाचणाऱ्याला उपयोगी पडणार असेल, तेथे हुद्दा लिहावा. जेथे ते वजन त्याला दाबण्यासाठीच उपयोगी पडणार असेल, तेथे लिहू नये. आणि इतरांनी त्यांना पत्र लिहिताना त्यांचा हुद्दा विचारून घ्यावा, अंदाजाने लिहू नये.

मात्र ज्यांच्याकडे लिहिण्याजोगा मोठा हुद्दा नाही, अशांची संख्या फार मोठी आहे. शिपाई, नाईक, हवालदार म्हणून पंधरा-वीस वर्षे बर्फात आणि वाळवंटात काढून ते घरी आले आणि शेती करू लागले, रखवालदार झाले, रिक्षा चालवू लागले. त्यांचे अर्ज ‘आपला नम्र’ ह्या दोन शब्दांखाली नुसत्या सहीने संपतात. सेनापतीच्या नावाने कापशी ओळखली जाते, हे आपण वर पाहिले. ह्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात टाकळी नावाचे गाव आहे. तेथून इतकी माणसे फौजेत गेली की लोक त्याला ‘सैनिक टाकळी’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. ज्यांना आपल्या नावापुढे काही लिहिता आले नाही, त्यांच्यासाठी त्यांच्या गावाने आपल्या नावापुढे लिहिले. पुढच्या वेळी सणाच्या निमंत्रणावर नावे घालताना, कर्नलसाहेबांच्या कंसाची काळजी घेऊन झाली की, यादीतल्या हवालदाराचाही हुद्दा विचारून घ्यावा आणि तो पुरता लिहावा.